दोन दिवसांचा धूर

दादाचे बैल परगावच्या शर्यतीच्या घाटात पहिल्यांदा पळायचे ठरले, तेव्हा मी एकविशीत होतो. आमचं गाव डिंगोरे आणि शर्यत पिंपरी पेंढारला, चैत्री पुनवेला. बैलगाडीनं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. बैलांची पेंड, वैरण, झुली हे सगळं दादानं आठ दिवस आधीच बघून ठेवलं होतं. माणसांनी काय खायचं, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. आदल्या वर्षी आम्ही नुसते बघे म्हणून एका घाटाला गेलो होतो, तेव्हा गाडीच्या सावलीला बसून वाळल्या भाकरी चावल्या होत्या आणि शेजारी दुसऱ्या गावची मंडळी मटण खात होती. दादाच्या ते मनाला लागलं होतं.

“औंदा खाण्याचं माझ्याकडं,” मी म्हणालो.

“तू काय करणार? चूल डोक्यावर घिऊन येणार का?” दादा हसला.

माझ्या डोक्यात धुरातलं मटण होतं. गव्हाच्या खळ्यावर आमच्याकडं तळेघरचा एक गडी कामाला होता. चाळिशीचा असेल, बोलायला कमी. त्यांच्याकडं पावसात महिनोन् महिने बाहेर पडता येत नाही, म्हणून चुलीवर बांबूच्या कामट्यांची ताटी बांधून मासे, मटण धुरात वाळवतात, असं त्यानंच मला सांगितलं होतं. असं मटण चार दिवस गाडीत राहिलं तरी नासत नाही. घाटावर पोचलं की नुसतं निखाऱ्यावर शेकायचं, भाकरीवर ठेवायचं, झालं.

मी त्याला चार वेळा विचारून सगळं ठरवलं. मटणाच्या पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ-हळद चोळायची. गोठ्यामागच्या छपरात ताटी, खाली ओल्या जांभळीची लाकडं. जाळ होऊ द्यायचा नाही.

“धूर गार पायजे, धाकलं मालक,” तो म्हणाला. “आन चार दिस लागत्यात. त्यात घाई चालत न्हाई.”

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणून दशमीला बोकड कापायचा असं मी ठरवलं. सगळं बारीकसारीक धरलं आणि एकादशी विसरलो. दशमीला वहिनीनं सुरी बघितली आणि दारात उभी राहिली. “उद्या एकादस हाय, भावजी. घरात मटण लटकतंय आन मी उपास धरू?” तिचं बरोबरच होतं. बोकड एकादशी सरल्यावर, बारशीला कापला. हातात दोन दिवस उरले.

आता सगळ्याच मटणाच्या पातळ पट्ट्या काढत बसायला वेळ नव्हता. मांडीचे मोठे तुकडे तसेच ठेवले, दादाला आवडायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी ते आतून ओलेच लागले, तेव्हा मी खाली वाळली लाकडं घातली आणि जाळ केला. वरून मटण काळंभोर, चकचकीत झालं. गड्यानं एक तुकडा दाबून बघितला, हुंगला.

“ह्ये जाडं तुकडं टाकून द्या,” तो म्हणाला. “आत कच्चं हाय. उन्हात ऱ्हायचं न्हाई.”

“बरोबर येणाऱ्या वीस माणसांना काय दाखवू मग? तू गप बस.”

त्यानं तुकडा परत ताटीवर ठेवला. निघताना वहिनीनं मटण फडक्यात बांधून पाटीत भरलं. पदर नाकाला लावला होता, पण मला वाटलं धुरामुळं असेल.

पिंपरी पेंढारच्या घाटात त्या दिवशी ऊन असं होतं की गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला हात लावता येत नव्हता. आमचे बैल सरळ, न अडता चढ चढून गेले. दादाचं अंग भंडाऱ्यानं पिवळं झालं. तो ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना हाका मारत होता, “या पावणं, माझ्या भावानं क्येलंय, खाऊन बघा!” लोक बोटं चाटत होते. मांडीचा सगळ्यात मोठा तुकडा मी नुसता वरवर शेकला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या भाकरीवर ठेवला. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

परतीच्या वाटेवर ओतूरच्या अलीकडं दादानं गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून ओकला. मग चुलते, मग आणखी तिघं. चौघं दोन दिवसांत सावरले. दादा नाही. वैद्यानं दिलेलं पोटात राहीना. तिसऱ्या दिवशी दुपारी, वहिनीकडं पाणी मागता मागता, तो गेला.

मातीहून आल्यावर चुलत्यांनी गड्याला अंगणात ओढला. “डोंगरातलं इखारी मूळ घातलंस का त्यात? बोल!” दोघातिघांनी त्याला मारलं. तो माझ्याकडं बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यानं घोंगडी उचलली आणि ओठ पुसत गेला.

पाऊस सरल्यावर मला घरात राहवेना. जुन्नरवरून घोडेगाव आणि दुसऱ्या दिवशी तळेघर, असा चालत गेलो. तो शेतात भाताची कापणी करत होता. मी सगळं बोललो. त्यानं विळा खाली ठेवला नाही.

“मला म्हाईतच व्हतं की,” तो म्हणाला. “ह्ये हितं सांगून काय उपेग? तितं बोलायचं व्हतं, त्या अंगणात.” पुढची मूठ कापून म्हणाला, “माझा एक कान गेला त्या दिशी. ह्या अंगानं बोलू नका, ऐकू येत न्हाई.”

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती जात्यापाशी बसली होती.

“मला वास आला व्हता, भावजी,” ती म्हणाली. “बांधतानाच आला व्हता. तुमचा हिरमोड व्हईल म्हून मी बोलले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर जाऊन चुलत्यांसमोर, पाटलासमोर खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही. “झालं ते झालं,” म्हणाले आणि तंबाखू मळत राहिले. तळेघरला माफी मागायला माझ्याबरोबर चला म्हणालो, तर चुलते म्हणाले, “त्या गड्याची कसली माफी?” कुणी आलं नाही. मी पुन्हा एकदा एकटाच गेलो, तर त्याच्या घराला कडी होती. माणसं रानात गेली असं शेजारणीनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो. कुणी आलं नाही.

बैल आम्ही त्याच वर्षी विकले. वहिनी आणि मी त्यानंतर तीस वर्षं एका घरात राहिलो, पण दादाचं नाव एकमेकांसमोर कधी काढलं नाही.