रोवणीचा चिखल आणि बाबांची पट्टी

डायलिसिस सेंटरमध्ये मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध होतो. बाबांच्या मानेत घातलेली नळी मशीनला जोडताना सिस्टरचा मास्क जरा नाकाखाली घसरला, तरी मी तिला सगळ्यांसमोर टोकायचो. नळीतून जंतू थेट रक्तात जातात, नळीवरची पट्टी भिजू द्यायची नाही, घरी उघडायची नाही, हे तिनेच मला शिकवलं होतं. आणि मी तिलाच ऐकवायचो.

आमच्याकडे, तिरोड्याच्या बाजूला, धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, शेवटच्या दिवशी बाया शेतमालकाला चिखल फासतात. त्या वर्षी आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बाबांना मीच नेऊन बसवलं. आजारी माणूस म्हणून बाया मागे सरत होत्या. "लावा न जी थोडासा, बाबाले आवडते," हेही मीच म्हणालो. गालाचा चिखल गळ्यावरून ओघळत पट्टीखाली गेला. बाबा कितीतरी दिवसांनी हसत होते, मला त्याचंच कौतुक.

तेव्हाच सेंटरला फोन करायला हवा होता. पण ज्यांना रोज शहाणपण शिकवतो त्यांना काय तोंडाने सांगणार? घरी मीच पट्टी सोडली, बोअरच्या पाण्याने पुसलं, मेडिकलमधून आणलेली नवी पट्टी चिकटवली. हातसुद्धा धड धुतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मशीनवर घेताच बाबा थडथड कापायला लागले. नळीत इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरांनी माझ्यादेखत सिस्टरला झापलं. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, मैंने सब बराबर किया था." मग तिने मला विचारलं, "भैया, घर पे पट्टी खोली थी क्या?"

मी नाही म्हणालो. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

नळी काढली, इंजेक्शनं सुरू झाली. बाबा वाचतील की नाही, हे चार दिवस कोणी सांगेना. वाचले. मानेच्या दुसऱ्या बाजूला नवी नळी बसल्यावर त्यांनी सिस्टरला जवळ बोलावलं.

"बाई, पट्टी मीच सोडली होती जी. खाज सुटून राहिली होती. तुले फुकट बोलणी बसली."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

ती रागावली नाही. बाबांची चादर सारखी करत म्हणाली, "अगली बार बेटे को बोलना, काका. कितना ध्यान रखता है आपका."

बाबा हो म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.