खाजेवरचा अर्ज

मंगळवारी सकाळी डोंबिवलीच्या डायलिसिस सेंटरमधून सिस्टरचा फोन आला. "मॅडम, भोईर काका आज आले नाहीत," ती म्हणाली. सहा वर्षांत काकांनी एकही पाळी चुकवली नव्हती, त्यामुळे पुढचं तिला सांगावं लागलं नाही. पहाटे झोपेतच गेले, एवढं मात्र तिने सांगितलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी मला रडू आलं, पण झोपेत गेले हे ऐकून मनाला कुठेतरी बरंही वाटलं. ते का, हे सांगायचं तर आमची पहिली भेट सांगायला हवी, आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते.

दत्ताराम भोईर डोंबिवलीजवळच्या गावातले आगरी. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ठाण्यात किडनीच्या आजारांवरच्या संशोधनाला मदत देणारा एक छोटा ट्रस्ट आहे. कुठलं संशोधन मदतीच्या लायकीचं, हे ठरवणाऱ्या समितीत चार डॉक्टरांबरोबर एक पेशंटही हवा, असं ट्रस्टने ठरवलं आणि काकांना बोलावलं. मी किडनीचीच डॉक्टर, तिथे अर्जदार म्हणून गेले होते. डायलिसिसवरच्या कुणाची तब्येत लवकर बिघडेल, हे आधी सांगणारी रक्ताची तपासणी मला शोधायची होती. दोन वर्षं त्यावर डोकं घातलं होतं. डॉक्टरांचे प्रश्न मी सहज परतवले. मग काकांनी अर्जाचा मराठी सारांश पुढे घेतला. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"तुमची टेस्ट म्हणाली माझं बिघडणार. मग तुम्ही येगळं काय करणार?"

जास्त लक्ष ठेवू, असं मी म्हणाले. लक्ष तर सिस्टर आताही ठेवते, असं ते शांतपणे म्हणाले आणि कागद खाली ठेवला. माझा अर्ज नामंजूर झाला. एका फिटरने माझं काम पाडलं, असंच माझ्या मनात आलं, आज लिहिताना लाज वाटते. मी बाहेर जिन्यात उभी होते तर काका भिंतीचा आधार घेत माझ्यामागे आले. रागावू नका म्हणाले, मदत एकालाच मिळणार म्हणून विचारलं. आणि मग म्हणाले, एकदा आमच्या डायलिसिसला येऊन चार तास नुसतं बसा.

मी गेले ते खरं तर त्यांना खोटं पाडायला. असे वॉर्ड मी शेकड्यांनी पाहिले होते, पण एका फाइलकडून दुसऱ्या फाइलकडे जाताना. स्टुलावर बसून पहिल्यांदाच पाहत होते. सगळे खाजवत होते. टिटवाळ्याच्या एका निवृत्त मास्तरांनी त्यासाठी लाकडी पट्टीच आणली होती. काकांच्या दंडांवर ओरखड्यांवर ओरखडे होते. किडनीच्या आजारात खाज सुटते हे मला पाठ होतं. आमच्या पुस्तकात तिला दीड ओळ होती.

"मरणाची भीती गेली बाय," काका म्हणाले. "ही जात नाय. हिच्यापायी झोप नाय, झोप नाय म्हणून घरात चिडचिड. हिच्यावर कोण शोध करतं?"

फारसं कुणी नाही, मी म्हणाले. का, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. खाजेवर काम करून कुणाचं नाव होत नाही.

पुढच्या वर्षी मी खाजेवर अर्ज केला. दुसऱ्याच आजारासाठी वापरलं जाणारं एक जुनं, स्वस्त औषध डायलिसिसनंतर अगदी थोडं दिलं तर खाज कमी होते का, एवढाच प्रश्न. माझा अर्ज चर्चेला आला आणि काका उठले. "मलाच खाज आहे. माझं मत खरं धरता येणार नाय." तुम्ही पेशंट आहात म्हणूनच तर इथे आहात, असं सगळ्यांनी समजावलं, पण ते बाहेर बाकावर जाऊन बसले ते बसलेच. आत मतं सारखी पडली. शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे आदल्या वर्षी माझ्या रक्ततपासणीचं कौतुक करणाऱ्या वयस्क डॉक्टरांनी, निर्णायक मत खाजेला दिलं. इतकी वर्षं किडन्या तपासतोय, पण झोप लागते का, हे मी एकाही पेशंटला विचारलं नाही, असं ते म्हणाले.

समितीत असल्यामुळे काका त्या अभ्यासात भाग घेईनात. दीड वर्ष खाजवत थांबले. काहींना चक्कर आली, त्यांचं औषध बंद करावं लागलं, पण बऱ्याच जणांना उतार पडला. टिटवाळ्याचे मास्तर तर मशीनवरच घोरायला लागले. मग काकांनाही त्यांच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. महिन्याने मी फोन करून विचारलं.

"निम्मी गेली," काका म्हणाले. "उरलेली पुढच्या अर्जाला ठेवलीय."

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. शेवटचं वर्षभर सकाळी चहा तयार झाला तरी त्यांना हाका मारून उठवावं लागायचं, असं काकू कौतुकाने सांगत होत्या. ओट्यावर माठाशेजारी एक छोटं पितळी फुलपात्र पालथं घातलेलं होतं. डायलिसिसमुळे काकांना पाणी बेतानेच प्यायची मुभा होती. दिवसभराचं पाणी ते त्यातूनच मोजून घ्यायचे.

"डॉक्टरबाईंना आता तहानेचं विचारायचंय, म्हणायचे," काकू म्हणाल्या. "विचारलं का त्यांनी?"

"नाही."

"राहिलं मग."

त्यांनी फुलपात्र सुलटं केलं, माठातलं पाणी काठोकाठ भरून माझ्या हातात दिलं. चार घोटांत संपलं. काकूंनी न विचारता ते पुन्हा भरलं.