मोळी कोण बांधणार?

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. मीही लग्नानंतर हेच केलं. मग तालुक्याला सहकारी सूतगिरणी निघाली आणि मी तिथे लागले. तुटलेला धागा जोडायचं काम.

पुढे पावसाने सपशेल पाठ फिरवली. रानात कुसळही उगवलं नाही. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या जोड्या जमवणारा मुकादम दारात येऊन बसला. गिरणीत महिनाभर गैरहजर राहिलं तरी जागा जायची, आणि ऊसतोडीला गेलं की उन्हाळ्यापर्यंत परत येणं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "जोडीबिगर कोयता कसा व्हईल? असं काय सुख हाय गं तुला त्या गिरनीत?"

सुख काय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण सांगितलं असतं तर घर हसलं असतं. गिरणीत धाग्याला ओल लागते, म्हणून दुष्काळातही टँकरचं पाणी आमच्या खात्यात फवारायचे. बाहेर ओठ फुटत, आत अंगाला गारवा. भोंगा झाला की आम्ही बायका गोल करून डबे सोडायचो. कुणाला आधी वाढायचं नाही, कुणाच्या मागून खायचं नाही. ठेचा एकमेकींच्या भाकरीवर, आणि आपापल्या नवऱ्यांच्या नकला. पोट दुखेस्तोवर हसायचो. हे सोडून मी उसाच्या फडात जाणार? मुळीच नाही.

"मी न्हाई जानार," मी म्हटलं. "धाकल्या भावजींना न्या."

मुकादम हसला. "दोन गडी? मोळी कोन बांधनार?"

"ह्यास्नी हात न्हाईत का?"

घरात भूकंप झाला. नवरा चार दिवस बोलला नाही. मीही बोलले नाही. डबा भरायचा आणि गिरणीची वाट धरायची. शेवटी दोघे भाऊच गेले.

उन्हाळ्यात नवरा परतला तो मान अवघडलेली, टाळूवरचे केस झिजलेले. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मीच तेल कोमट करून मान चोळायला बसले.

मान चोळून घेताना तो म्हणाला, "फळीवर चढताना पाय लटपटायचे. तू तर पोटुशी असतानाबी चढायचीस. बोलली कावून न्हाईस कधी?"

"तुमी इचारलं कधी?"

चुलीपुढे सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. उभा जन्म त्यांनीही मोळ्याच वाहिल्या होत्या. आमच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "मलाबी कुनी इचारलं न्हाई."