पानभर फोटो

मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. "एवढ्या कापडात एवढाच शर्ट बसतो, ताणून वाढत नाही," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. दुकान बंद केल्यावर लेकीने रंगीत प्रिंटर आणून दिला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोटो छापून देण्यात त्यांचे दिवस मजेत जाऊ लागले.

थोरला भाऊ गेला. महिन्याभराने वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांचा एक मोठा फोटो द्या हो करून. भिंतीवर लावते."

"भिंत कमी पडेल वहिनी, असा देतो!"

भावाचा एक हसरा फोटो मास्तरांनीच काढलेला होता. पण नातेवाइकांना मेसेजवर पाठवून झाल्यावर, फोन भरला म्हणून त्यांनी मूळचा पुसून टाकला होता. उरली होती मेसेजमधली, पाठवताना बारीक झालेली प्रत. लेकीने फोनवरून बजावलं, "बाबा, फोटोची माहिती उघडा. आडवे पिक्सेल किती, उभे किती, ते बघा आणि तीनशेने भागा. तेवढेच इंच तो स्वच्छ येतो."

"मला मापं शिकवतेस होय गं?" म्हणत मास्तरांनी फोटो ताणून पानभर छापला.

चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. मास्तरांना ते धडधडीत दिसलं. पण वहिनींना हल्ली कमी दिसतं, त्यांना कुठलं कळतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी फ्रेम लावली आणि फोटो नेऊन दिला.

वहिनी तो घेऊन खिडकीशी गेल्या. जवळ धरला, लांब धरला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"छान झालाय हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझेच डोळे गेले. यांचा चेहरासुद्धा दिसेना आता."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोळे ठीक आहेत तुमचे, वहिनी. फोटोच वाईट आलाय. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो. आणि मूळचा माझ्याच हातून गेलाय."

वहिनींनी फ्रेम खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मला आंधळी धरलंत, भावोजी." आणि फ्रेम त्यांच्याकडे सरकवत, "जेवढा स्वच्छ येतो, तेवढा आणा."

घरी मास्तरांनी कागदावर भागाकार मांडला. सहाशेचे दोन, नऊशेचे तीन. दोन इंच रुंद, तीन इंच उंच.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी तो चिमुकला फोटो भिंगाखाली धरला. "अगंबाई, हसताहेत की!" म्हणत त्यांनी भिंग पुढे केलं. "बघा ना तुम्हीही."

मास्तरांनी भिंग घेतलं. मान वर करून वहिनींकडे बघायचा धीर होईना, म्हणून ते भावाकडेच बघत राहिले.