गाळातली गाडी रुतली नव्हती

राजुरीच्या चहाच्या टपरीवर अजूनही सांगितले जाते, की माझ्या मेहुण्यांची पाण्यातून चालणारी गाडी धरणाच्या गाळात रुतली आणि मी तिच्याभोवती हताश होऊन घिरट्या घालत होतो. सांगणारे काठावर उभे होते. मी गाडीपाशी होतो. त्यामुळे ही हकिगत त्यांच्या तोंडी राहू देणे मला मान्य नाही.

मेहुण्यांचे घराणे मेंढपाळांचे. शेती वाढली तरी मेंढ्या त्यांनी सोडल्या नाहीत. धरणाचे पाणी ओसरू लागले, की उघड्या पडणाऱ्या गाळावर ते चाऱ्याचा मका पेरतात आणि त्यावर कळपाचा उन्हाळा निभावतो. मात्र गाळातली ओल वाट पाहत नाही. आज माणूस रुतेल असा गाळ पाहता पाहता भेगाळतो. ट्रॅक्टर तिथे बुडतो. म्हणून त्यांनी सहा चाकांची, होडीसारख्या तळाची ही जुनी गाडी आणली, आणि तिच्या चाकांवरून चढवायचे रबरी पट्टेही आणले.

मंचरच्या हमरस्त्यालगत मी आयुष्यभर लोखंड कातायचा लेथ चालवला. असे यंत्र दारात आलेले पाहून माझे हात शिवशिवू लागले. गाडी जॅकवर उचलली, एक चाक वरून-खालून धरून हलवले. ते हलले.

"पट्टे नंतर," मी म्हणालो. "आधी एक्सल आणि बेअरिंग."

"दाजी, एवढं तर बैलगाडीचं चाक बी हलतंय. ग्रीस भरा आन् सोडा. तिकडं वल चाललीय," मेहुणे म्हणाले.

सगळा वाद इथेच होता. बैलगाडीच्या चाकाला हलायला जागा हवीच. पण तिचा आस जागच्या जागी असतो आणि चाक त्याभोवती फिरते. इथे एक्सलच फिरतो. पट्टा चढला, की एका बाजूची तिन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि वळताना चिखलाचा सारा ताण एक्सलच्या टोकावर येतो. टोकाला आधार नसेल, तर एक्सल वाकणार, आणि तोही काठापासून दूर.

"लई शिकवू नका, दाजी. मका पेरायचाय, गाडीचं लगीन न्हाई लावायचं."

"लग्न मोडलं तर वऱ्हाडी उपाशी जात नाहीत, पाव्हणं. ही मोडली तर मेंढ्या काय खातील?"

मी हट्टापायी दिवस दवडले, असे लोक म्हणतात. दवडले नाहीत, वापरले. जाड पोलादाचे नवे एक्सल मी स्वतः कातले. प्रत्येक टोकाला बाहेरच्या अंगाने आणखी एक बेअरिंग दिले, आणि त्याचे घर, म्हणजे ते बसते ती लोखंडी वाटी, प्लास्टिकच्या तळाला नव्हे, आतल्या लोखंडी सांगाड्याला आवळले. पाणी शिरू नये म्हणून सील बसवले. मेहुणे रागात होते, तरी माझ्यासमोर बसून बोटांनी ग्रीस भरत राहिले. मग पट्टे चढले.

गाडी पाण्यात उतरली, तरंगली, पलीकडच्या गाळावर चढली. पट्ट्यांनी चिखल असा धरला, की मला हसू आवरेना. आणि ऐन मध्यावर मी म्हणालो, "थांबवा."

"आता काय?"

"हात लावायचाय."

बेअरिंग बिघडायचे असेल तर आधी तापते. मी गुडघाभर गाळात उतरून बेअरिंगच्या प्रत्येक घरावर तळहात ठेवत गाडीभोवती फिरलो. काठावर ओरडा झाला, "रुतली रं!" कुणी दोर आणायला धावला. तो दोर कोरडाच परत गेला, हे मात्र कुणी सांगत नाही.

मेहुणे उतरले. सगळ्यात दूरच्या बेअरिंगवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"गार हाय, राव."

"बाकीची बघा."

त्यांनी सगळी पाहिली. मग ओंजळभर गाळ उचलून दाबला. तो तुटला नाही, बोटांतून निसटलाही नाही; पेरणीला हवी तशीच ओल होती. "पल्याडचा तुकडा बी असाच असंल," ते म्हणाले. "आजच समदं पेरू. गाडी तुमी धरा."

त्यांनी बियाण्याची गोणी मांडीवर घेतली. मी गाडी एका दमात वळवली. एक्सलने तक्रार केली नाही. मागे मक्याचे दाणे गाळात पडत होते. मेहुणे दोनदा ओरडले, "हळू, दाजी, दाणं लांब लांब पडत्यात." मला ऐकू आले नाही, असे ते आता सांगतात. मला स्वच्छ ऐकू आले होते.