लुगड्यात बसेल असं रिव्हॉल्व्हर

माझी मावशी सुंदरम्मा दुधनीला आडत चालवायची असं सांगितलं, की लोक हमखास विचारतात, "म्हणजे नवऱ्याची आडत ना?" होती नवऱ्याची. वीरभद्रप्पा काका वारले आणि ती मावशीची झाली. बाजार समितीचं लायसन तिच्या नावावर. तुरीच्या ढिगात हात घालून भाव बोलणार ती, हमालांशी कानडीत भांडणार ती, तरी आडत म्हणे नवऱ्याचीच. या प्रश्नाने माझं डोकं आजही फिरतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. मी तेव्हा सोलापुरात शाळेवर शिकवत होते. मावशी बैलगाडीने खेड्यापाड्यांच्या बाजारांना जायची आणि माल घेतला की शेतकऱ्याला जागेवर रोख पैसे द्यायची. तुरीच्या सुगीत एकदा वाटेत तिघांनी गाडी अडवली. तोंडाला फडकी बांधलेली होती. त्यांनी पैसे काढून घेतले आणि जाताजाता काठीच्या एका फटक्यात तिचं उजवं मनगट मोडलं. काही गरज नव्हती. ती ओरडलीसुद्धा नव्हती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि त्या हातातला जोर गेला तो गेलाच.

हात गळ्यातून सुटला त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मला परवाना पायजे. कमरेला लावायचं हत्यार घेनार हाय मी."

आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांचं नाव मला पाठ आहे, पण ते लिहून त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि शेजारच्या टेबलाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अहो, ऐकलं का? बाईंना रिव्हॉल्व्हर पाहिजे!" सगळी खोली हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 

"घरात पुरुष माणूस नाही का कुणी?" साहेबांनी विचारलं.

पुरुष माणूस मागेच उभा होता. मावशीचा धाकटा दीर, सिद्धलिंगप्पा. बाईमाणूस एकटी कशी जाणार म्हणून सोबत आलेला. त्याला बघून साहेबांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला की! यांच्या नावावर परवाना देतो. हे तुमच्याबरोबर फिरतील."

"तुमी म्हनाल तसं, साहेब," सिद्धलिंगप्पाने लगेच हात जोडले.

याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्या कमरेला हत्यार त्याच्याकडे पैशाची थैली, आणि ज्याच्याकडे थैली त्याची आडत. मग मावशीने घरात बसून भाकऱ्या थापायच्या.

"हात माजा मोडला, साहेब," मावशी म्हणाली. "त्येचा न्हाय."

अर्ज तसाच राहिला. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा बाकावर बसलो. साहेब जेवायला जायचे, दौऱ्यावर जायचे, नुसतेच कुठेतरी जायचे. दर वेळी तेच, दिराच्या नावाने करा, आज सही करतो. शेवटी एक दिवस मावशी आत शिरली आणि टेबलाला टेकून म्हणाली, "आडत माज्या नावावर हाय. सरकार कर माज्याकडनं घेतंय. तवा मी बाई हाय ह्ये कुनाला आठवलं न्हाय. आत्ताच कसं काय आठवलं?" साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि त्यावर शेरा मारला. दिवाळी झाली आणि परवाना आला.

मग खरेदी. नव्या पेठेत गुरुसिद्धप्पा नावाच्या गृहस्थांचं बंदुकांचं दुकान होतं. परदेशी माल येणं बंद झालेलं, त्यामुळे जे काय असेल ते जुनं, दुसऱ्याने वापरलेलं. सिद्धलिंगप्पा आत यायला निघाला, तेव्हा मावशीने त्याला स्टेशनवर गाडीची चौकशी करायला पिटाळलं.

गुरुसिद्धप्पांनी आधी एक इवलंसं पिस्तूल काढलं. मुठीला शिंपल्याची नक्षी. "बायकांना हे शोभतं बघा," म्हणाले. शोभतं! जणू बांगड्यांच्याच दुकानात आलो होतो. मावशीने त्याचा वरचा भाग मागे ओढून बघितला. मोडलेल्या मनगटाला ते जमेना. तिने ते परत ठेवलं. मग एक मोठं, लष्करातून निघालेलं रिव्हॉल्व्हर आलं आणि त्याबरोबर चामडी पट्टा.

"पट्टा कुटं बांधू? लुगड्यावर? सगळ्या बाजाराला दावत फिरू?"

"मग पिशवीत घालून गळ्यात अडकवा की."

"गळ्यात इष्टलिंग हाय माज्या. त्येच्या शेजारी ह्ये न्हाय लटकवनार मी."

तिने कनवटीतून चादरीच्या जाड तुकड्याची एक शिवलेली पिशवी काढली. तिला नाडी होती. ती लुगड्याच्या आत, डाव्या कुशीला बांधायची अशी तिची योजना. आडोशाला जाऊन तिने एकेक हत्यार त्यात घालून बघितलं. खाली बसली, उठली, ढिगातून तूर उचलावी तशी वाकली. एकाचा घोडा निऱ्यांत अडकला, एकाचा फुगवटा पदरातून दिसला. दुकानातला नोकर तोंड दाबून हसत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागच्या खोलीत गेला.

शेवटी एक काळं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर निघालं. दिसायला अगदी साधं. ते डाव्या हाताने सहज निघत होतं आणि कुठे अडकत नव्हतं. मावशीने ते पिशवीत ठेवलं आणि मांडी घालून जमिनीवर बसली, चुलीपुढे बसावं तशी.

"ह्ये बांधून सैपाक करता येईल. झोपताबी येईल," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पा चकित झाले. "घरात कशाला, बाई? वाटेवर लागतं ना तुम्हाला?"

"वाट बाजाराच्या दिवशी असती. घर रोज असतंय."

मला कळेना. मी विचारलं तेव्हा ती कानडीत, हळू आवाजात बोलली. गाडी अडवणाऱ्या त्या तिघांनी तिच्या हातातल्या पिशवीला स्पर्शसुद्धा केला नव्हता. सरळ गाडीतल्या कडब्याखाली हात घातला होता. पैसे कडब्याखाली असतात हे जगात दोघांनाच माहीत होतं, तिला आणि सिद्धलिंगप्पाला.

 वर्षभर साहेब ज्याच्या हातात रिव्हॉल्व्हर द्यायला टपले होते, तो हा माणूस! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

"मावशी, तू साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"घरचं भांडन म्हनून कागद माघारी दिला असता. आन मला कळलंय ह्ये भावजींना कळलं असतं. पुरावा न्हाय. घर त्येंचंबी हाय, घालवू कुटं?"

मला रडू आलं. रागाने आलं, दुसऱ्या कशाने नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा सिद्धलिंगप्पा परत आला होता. "झालं का वैनी? द्या हिकडं, मी सांभाळतो. गर्दीत पडलंबिडलं तर?"

"ठिवलंय."

"कुटं?"

त्याची नजर तिच्या हातांवरून, हातातल्या पिशवीवरून, पदरावरून फिरली. त्याला काहीच सापडलं नाही. मावशीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली. "तुमी फुडं व्हा, भावजी. मी हाय मागं."

तो पुढे झाला. स्टेशनपर्यंत सारखा वळून बघत होता.

तेव्हापासून तेच चाललं. बाजारात, देवळात, गाडीवाटेने, दोघं कुठेही निघाले की तो पुढे आणि ती मागे. आडत शेवटपर्यंत तिच्याच हातात राहिली. ती गाडी पुन्हा कुणी अडवली नाही, आणि त्या रिव्हॉल्व्हरमधून गोळीही कधी सुटली नाही. गावाला मात्र तिच्यात भलतंच काही दिसलं. एका लग्नात ईरम्मा आजी पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "येवढी आडत चालवती, पन दिराच्या फुडं कदी पाऊल टाकलं न्हाय. बाईनं असं मर्यादेनं असावं." बायकांनी माना डोलावल्या. सिद्धलिंगप्पाच्या मानेवर घाम फुटला होता, आणि मावशी त्याच्या मागेच उभी होती.