नानांनी निवडू दिलेला ट्युबा

परवा घरातलं पितळ चिंचेने घासत होते. हातांना तो आंबट, धातूचा वास लागला आणि मला धुळ्याचं वाद्यांचं दुकान आठवलं.

माझे वडील, नाना, नशिराबादला लग्नाच्या बँडमध्ये ट्युबा वाजवायचे. ट्युबा म्हणजे पोटाशी धरून फुंकायचं ते भलंमोठं पितळी वाद्य. दम्यामुळे त्यांना ते सोडावं लागलं, मग मी शिकू लागले. माझ्यासाठी वाद्य घ्यायला आम्ही धुळ्याला गेलो होतो.

दुकानदाराने आधी बासरीच पुढे केली. नाना शांतपणे म्हणाले, "पोर ट्युबा वाजाडस, भाऊ. तोच दखाडा."

त्याने दोन काढले. मोठा अगदी नानांच्या जुन्या वाद्यासारखा होता, पण त्यात दोन सुरांतच माझा दम संपला. लहान मात्र पहिल्याच फुंकेला घुमला आणि त्याची थरथर माझ्या बरगड्यांत उतरली. तरी मी नानांकडेच पाहत राहिले.

"मना तोंडाकडे नको देखू," ते म्हणाले. "वाजाडनं तुले शे."

खरंच, वाजवायचं मलाच होतं. "मग लहान घेऊ," मी हळूच म्हणाले.

दुकानदार तो बांधत होता, तेव्हा नानांनी मोठा ट्युबा मांडीवर घेतला. कळांवरून बोटं फिरवली, ओठ लावले, पण फुंकलं नाही. माझी निवड त्यांना पटली नाही, असं मला तेव्हा वाटलं. आज त्यांच्याच वयाची झाल्यावर कळतं, ते त्या वाद्याचा निरोप घेत होते.

परतीच्या बसमध्ये माझा ट्युबा त्यांनी मला धरूच दिला नाही. नशिराबाद येईपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता.